रेवनाथच्या घरून उत्तर नाही

रेवनाथ, तुझ्या फोनवर निरोप आला बापा. "रेवनाथच्या घरून उत्तर नाही. उद्या त्यांची पाण्याची पाळी आहे. एकदा घरी जाऊन विचारा." तुझ्याच पोग्रामनं, तुझ्याच फोनवर, तुझ्याच घराची चौकशी केली. तू जाऊन सहावा दिवस होता.

फोन घेऊन ममता माझ्याकडे आली. सुतकातली बाई दुसऱ्याच्या घरात पाय ठेवत नाही, म्हणून तुझी बायको माझ्या अंगणातच उभी राहिली. पदर डोक्यावर, पायात चप्पल नाही. म्हणाली, "बाई, हे कायचं वाजून राह्यलं? सकाळपासून तीनदा वाजलं. मले वाटलं..." तिला काय वाटलं ते मला कळलं. तुझ्या फोनचा तो आवाज ऐकला की मलाही अजून तेच वाटतं.

मी चष्मा लावून वाचलं. दोनदा वाचलं. मग तिला म्हटलं, "काही नाई बेटा. तलावाचा निरोप आहे. जा तू घरी."

काही नाही म्हणायची मला सवयच आहे, रेवनाथ. आज तुला हे लिहायला बसले ते त्या सवयीपायीच. तेरवी झाली, पाहुणे गेले, मंडपाचे बांबू निघाले. आता बोलायला मोकळी झाले, पण तू ऐकायला नाहीस. तू म्हणायचास, बाई बोलता तसंच लिवा, तुमचं बोलणं चांगलं आहे. तर तसंच लिहिते. गावातलं कोणी वाचलं तरी वाचो. वाचावंच.

आपली सगळी गोष्ट वहीतून सुरू झाली. पाळीची वही. ज्याला आपला तलाव माहीत नाही त्याला काय सांगावं? मालगुजाराच्या काळचा तलाव, त्याच्या पोटाखाली आपल्या बांध्या, बांध घातलेले धानाचे तुकडे, एकाखाली एक, पायऱ्या उतरल्यासारख्या. भारी धान निसवायला, लोंब्या बाहेर पडायला येतं तेव्हाच नेमका पाऊस दडी मारतो. मग तलावाचं पाणी पाळीनं सोडायचं. आधी शेपटाच्या, सगळ्यांत खालच्या बांधीला, मग तिच्या वरच्या, असं करत करत तलावाकडे यायचं. ज्याची पाळी त्यानं फावडं घेऊन यायचं आणि आपल्या बांधीचं तोंड उघडायचं. ही पाळी माझा नवरा लावायचा. तो ऐन पाळीच्या दिवसांत गेला. चार माणसं घरी आली, म्हणाली, "बाई, तोवर तुमीच लिवा." मी चौथी शिकलेली. त्याच्या जुन्या वह्या समोर ठेवून, त्याची अक्षरं गिरवत गिरवत मी लिहायला शिकले. ते 'तोवर' पुढं बावीस वर्षं चाललं.

आणि तू आलास त्या बावीस वह्या मागायला. "बाई, मले साऱ्या वह्या पाहिजेत. एक बी पान सुटलं नाई पाहिजे." माझ्या पडवीत बसून आठ दिवस तू पानांचे फोटो काढत होतास. मी चहा देत होते. तू थंड करून पीत होतास, अगदी तुझ्या बापासारखा. चौथ्या दिवशी तू मान वर केलीस.

"बाई, हे टिंब कायचे आहेत? कोणाकोणाच्या नावापुढं पाळीची खूण नाई, नुसतं टिंब आहे."

मी म्हटलं, "काही नाई. पेनाचं असल."

तू मान हलवलीस आणि पुढचं पान उलटवलंस. एवढंच झालं. त्या एवढ्यानं काय काय झालं, ते आता तूही जाणतोस, मीही जाणते. दुसरं कोणीच जाणत नाही.

ते टिंब पेनाचं नव्हतं. ज्याच्या घरी मयत झाली त्या घरापुढं मी टिंब द्यायची. त्या घरचं कोणी सुतकात पाणी लावायला येत नाही. पण त्यांची पाळी बुडत नाही. वरच्या बांधीवाला आपली पाळी आली की आधी खालच्या दुःखाच्या बांधीत पाणी घालतो, मग आपल्या. कोणी सांगत नाही, कोणी विचारत नाही, नंतर कोणी आभारही मानत नाही. असं चालत आलं. आमच्या सासऱ्याच्या काळातही असंच होतं म्हणतात.

तेरवीला लोक तुझ्या शिक्षणाच्या गोष्टी सांगत होते. कोणी म्हणे नागपूरला कोर्स केला, कोणी म्हणे पुण्यात कुठं शिकला. मी ऐकत होते. बारावीनंतर तू नागभीडला झेरॉक्सच्या दुकानात बसायचास, ते मला ठाऊक आहे. तिथला कम्प्युटर महिन्यातून एकदा बंद पडायचा, कारण त्यात सगळं चोरून टाकलेलं. मग कोण्या मास्तरनं तुला पेन ड्राइव्हमधून दुसरी सिस्टीम दिली. फुकटची. त्या दिवशी तू सायकल भिंतीला टाकून माझ्याकडे धावत आला होतास.

"बाई, आतापर्यंत मी बंद डब्यावर बोटं आपटून राह्यलो होतो. ह्या डब्याले झाकणच नाई! आत कोणं काय लिवलं, कसं लिवलं, सारं दिसते. वाचा, बदला, कोणी नाई म्हणत नाई."

"कोणं लिवलं?"

"साऱ्या जगानं. हुशार लोकांच्या वह्या उघड्या पडल्या आहेत बाई. मी वाचून राह्यलो."

मला हसू आलं. मी म्हटलं, "म्हणजे माझ्यावानीच का रे? दुसऱ्याची वही गिरवून?" तू म्हणालास, "हाव, अगदी तसंच." त्या दिवसापासून आपण दोघं एका शाळेतले झालो. वयात माय-लेकाएवढं अंतर, पण वर्ग एक.

पुढं शहरातल्या एका कंपनीनं तुला डिग्री न विचारता कामावर घेतलं, कारण तू लिहिलेलं त्यांनी आधीच वाचलं होतं. दीड वर्ष राहिलास आणि परत आलास. लोक म्हणाले, टिकला नाही. तू त्यांचं काम इथूनच करायला लागलास, तलावाच्या पारीवर, उंच बांधावर बसून, कारण नेटवर्क तिथंच. डोक्याला दुपट्टा, मांडीवर लॅपटॉप, बाजूला बगळे. वाघाची खबर आली की पारीवरून उठवायला तुझ्यामागं माणूस पाठवावा लागायचा. आणि उरलेल्या वेळात तू पाळीचा पोग्राम लिहिलास. लिहून तो उघडा ठेवलास, जगातल्या कोणीही घ्यावा म्हणून.

त्यावरून मी तुझ्याशी किती भांडले. मला ते पटतच नव्हतं. म्हटलं, तुझी रात रात डोळ्यांची आग, आणि नेणारा नेऊन वर आपलं नाव लावील. तू हसायचास. पण एक दिवस तुझं हसू गेलेलं मी पाहिलं. धानाची रोवणी चालू होती. तू गुडघाभर चिखलात आणि फोन प्लास्टिकच्या पिशवीत. बांधावर येऊन तू फोन पाहिलास आणि तसाच उभा राहिलास. कुठल्याशा देशातल्या माणसानं लिहिलं होतं, माझा प्रश्न आठ दिवसांपासून पडून आहे, हे कोणी सांभाळतं का, की मेलं हे?

मला असा राग आला! "तू का त्याचा नोकर आहेस? फुकट घेते आन् मालकावानी बोलते! लिव त्याले, माझी रोवणी सुरू आहे म्हणून."

तू चिखलाचे हात पाण्यात धुतलेस. हळूच म्हणालास, "बाई, मी बी तं असंच दुसऱ्याचं फुकट घेतलं ना. तवा मी कोणाले विचारलं होतं का, तुमची रोवणी झाली का म्हणून?"

मी रोपांची जुडी उचलून पुढच्या ओळीला लागले. दोन दिवस तू रोवणी केलीस, आणि तिसऱ्या दिवशी त्या माणसाचा प्रश्न सोडवून दिलास. एकट्यानं. तुझं लिहिलेलं दूरदूरच्या देशांत वाचत होते, पण आपल्या तालुक्यात ते वाचून तुला दोन शब्द सांगणारं कोणी नव्हतं. हे तू बोलून नाही दाखवलंस. पण माझ्यासारख्या चौथी शिकलेल्या बाईला तू पडद्यावरच्या ओळी वाचून दाखवायचास, तेव्हा मला ते कळायचं. कोणालातरी दाखवावं वाटायचं तुला. मी "वा" म्हणायची. याहून जास्त मला काय म्हणता येणार होतं?

आणि मागच्या साली यमुनाबाईचं झालं.

पहिलंच वर्ष. वही बंद, पोग्राम सुरू. आदल्या दिवशी घरोघरी निरोप जायचा, उद्या तुमची पाळी. घरच्यानं हो म्हणायचं. सूर्य बुडेपर्यंत हो आलं नाही तर पाळी वरच्याला. यमुनाबाईचा नवरा गेला आणि तिसऱ्याच दिवशी तिची पाळी. तिचा फोन फडताळात पडलेला. कोण पाहणार? पोग्रामनं तिचं नाव काटलं. त्यापेक्षा वाईट म्हणजे वरच्या बांधीवाल्यानंही पाणी दिलं नाही. तो काही वाईट माणूस नाही. नंतर हात जोडून म्हणाला, "मले वाटलं, आता मशीन आहे, मशीन पाहील." पुढची पाळी येईपर्यंत तिच्या बांधीला भेगा पडल्या. लोंब्या आल्या त्या पोचट. त्या बाईनं नवरा गमावला आणि पंधरा दिवसांत धानही गमावलं.

समाजमंदिरात सभा झाली. सगळे तुझ्यावर तुटून पडले. डोमाजीभाऊ सगळ्यांत पुढं. त्याची बांधी तुझ्या अगदी वर, आणि पोग्राम आल्यापासून त्याचं जरा जास्तीचं पाणी घेणं बंद झालेलं. "मोठा आला कम्पुटरवाला! तुझ्या मशीनले मेल्या माणसाची खबर नाई!" तू खाली मान घालून उभा. मी बायांच्या बाजूला बसले होते. तू एकदाच माझ्याकडे पाहिलंस. मी पदराचं टोक पाहत होते.

त्या संध्याकाळी तू माझ्या पडवीत आलास. बसला नाहीस.

"बाई, टिंब कायचे होते?"

मग मी सांगितलं. सगळं. तू ऐकून घेतलंस. "मी तुमाले विचारलं होतं बाई," एवढंच म्हणालास. माझ्यावर ओरडला असतास तर बरं झालं असतं. मीच ओरडले उलट. "मंग का लिवाचं होतं का ते? जगाले दाखवाचं होतं, ह्या घरी माणूस मेला म्हणून? दुःखातल्या बाईनं बटन दाबाचं का, की हाव, आमच्या घरी मयत आहे? काही गोष्टी झाकलेल्याच चांगल्या!"

"झाकल्या म्हणून तं यमुनाबाईचं धान गेलं," तू म्हणालास. "तुमच्या मनात आहे तोवर ठीक. तुमी नाई राह्यल्या तं कोणाले समजन?"

तू म्हणालास, तुमी नाही राहिल्या तर. मी राहिले रे. तूच गेलास.

आणि सभेत तू माझं नाव घेतलं नाहीस. त्या दिवशी नाही, नंतरही कधी नाही. सालभर गावानं तुला बोल लावला आणि तू ऐकून घेतलास. मी रोज ठरवायची, आज सांगीन, चूक पोराची नाही, माझी आहे. पण तोंड उघडायचं नाही. तर आज सांगते. यमुनाबाई, तुमच्या कानावर हे जाईलच. रेवनाथनं विचारलं होतं. मी खोटं बोलले.

यंदा सभेनं पुन्हा पोग्रामला हो म्हटलं, ते तू एक अट मान्य केलीस म्हणून. ज्या घरून उत्तर येणार नाही, त्याचा निरोप तुला येईल आणि तू स्वतः जाऊन पाहशील. डोमाजीभाऊनं तिथंही टोमणा मारलाच, "आन् तूच नसला तं?"

तू हसलास. "मी कुठी जातो भाऊ? पारीवरच तं बसलो राहतो."

सगळी सभा हसली. मीही हसले.

यंदाच्या रोवणीत एक दिवस तू पारीवरून मोठ्यानं ओरडत आलास. "बाई, तुमचं टिंब नेपाळात बी निंगालं!" मला काही कळेना. नेपाळच्या डोंगरात बिमल नावाचा कोणी शेतकऱ्याचा मुलगा, त्याच्या गावच्या कुलोला, म्हणजे पाण्याच्या पाटाला, त्यानं तुझा पोग्राम लावला होता. त्यानं तुला विचारलं होतं, आमच्याकडे घरात मरण झालं की शेजारी पाणी लावतो, हे तुमच्या पोग्राममध्ये कसं सांगायचं? त्यांची अक्षरं आपल्यासारखीच, म्हणून तू पोग्राममध्ये मराठीत लिहून ठेवलेल्या खुणाही तो थोड्या थोड्या वाचायचा. तू त्याचा निरोप मला वाचून दाखवलास. मी हसले. मग डोळ्यांत पाणी आलं. इतक्या लांब, कोण कुठला, त्याच्या गावातही कोणी न सांगता दुसऱ्याच्या बांधीत पाणी घालतं.

"आता तरी सांगा बाई," तू म्हणालास. "तीनच गोष्टी. पाणी कोण देते, किती दिवस देते, आन् खबर कोण देते. तुमी सांगा तसं लिवतो. नाव नाई, गाव नाई, नुसतं टिंब ठेवतो."

मी म्हटलं, रोवणी होऊ दे. रोवणी झाली. तू पुन्हा आलास. मी म्हटलं, पोळा होऊ दे. पोळा झाला. तू बैलांच्या नैवेद्याची पुरणपोळी खात खात म्हणालास, "आता?" मी म्हटलं, "घाई काय आहे रे? धान निसवू दे, मंग बसू." मला भीती वाटत होती, रेवनाथ. ते लिहिलं गेलं की कोणीतरी विचारणार, मग मागच्या साली बाईनं का नाही सांगितलं? माझी अब्रू जाईल म्हणून मी तुला तीन महिने टोलवलं.

मग तुला ताप आला. चार दिवसांचा ताप. एवढंच लिहिते, पुढचं माझ्यानं लिहवत नाही. ममताच्या हातातलं ओलं फडकं आणि तुझ्या पोरीचा "बाबा उठत काऊन नाई" हा प्रश्न, दोन्ही माझ्या डोळ्यांपुढून हलत नाहीत. धान तेव्हा निसवत होतं. आपण बसणार होतो ते दिवस होते ते.

तर त्या निरोपाचं सांगत होते. सूर्य बुडाला. तुझ्या घरून हो गेलं नाही. आणि तू स्वतः जाऊन पाहायचं होतं, तेही झालं नाही. पोग्रामनं तुझं नाव काटलं आणि पाळी वर, डोमाजीभाऊकडे गेली. त्यात पोग्रामचा काय दोष? तू शिकवलं तसंच त्यानं केलं.

मी ठरवलं, आपणच जायचं. दिवस उजाडता उजाडता फावडं घेऊन निघाले. अडुसष्टाव्या वर्षी. बांधावर दव होतं, दोनदा पाय घसरला. तुझ्या बांधीपाशी आले तर डोमाजीभाऊ उभा. धोतर गुडघ्यावर खोचलेलं, पिंडऱ्या पाण्यात.

"बाई? तुमी कायले आल्या? जनावर फिरून राह्यलं इकडं."

"पाणी सोडाले."

"सुटलं," तो म्हणाला.

मी पाहिलं. तुझी बांधी काठोकाठ भरली होती. त्याची अजून कोरडी होती. पाणी शांत, त्यात लोंब्यांची सावली. म्हाताऱ्यानं उजाडायच्या आधीच येऊन तुझ्या बांधीचं तोंड उघडलं होतं. मी फावडं खाली ठेवलं. तोच बोलला, माझ्याकडे न पाहता.

"मशीननं नाव काटलं त्याचं. काटू दे. मशीनले का मालूम." मग दुपट्ट्यानं तोंड पुसलं. बराच वेळ पुसत राहिला. "मीच म्हटलं होतं ना बाई. तू नसला तं, म्हणून. काऊन म्हटलं असन मी?"

बांधावर आम्ही दोघं म्हातारे उभे राहिलो. तुझ्याशी भांडलेले दोघंच.

तेरवीच्या दुसऱ्या दिवशी ममता पुन्हा फोन घेऊन आली. या वेळी घरात आली. म्हणाली, "बाई, हे उघडून पाहा ना. मले भेव वाटते." तुझ्या पोग्रामचं पान होतं. ज्या पानाला झाकण नाही ते. तूच मला ते उघडायला शिकवलं होतंस. इंग्रजी ओळींतलं मला काही कळत नाही, पण मधेमधे तू मराठीत लिहिलेलं मी वाचू शकते. तुझा आवाजच येतो त्यातून. "इथी शेपटापासून मोजाचं." "हे हात नको लावू, चालून राह्यलं आहे." ममता हसली. पहिल्यांदा हसली. मी बोट सरकवत खाली गेले. तिथं एक जागा रिकामी होती. वर काही ओळी, खाली काही ओळी आणि मधे नुसती एक ओळ.

"इथी बाईले विचाराचं."

मी फोन खाली ठेवला. चष्मा काढला. ममतानं माझ्या पाठीवर हात ठेवला. सांत्वन तिचं करायचं होतं आणि ती माझं करत होती.

रोवणीपासून ती ओळ तशीच उभी होती, रेवनाथ. तू जगाला दाखवून ठेवली होतीस. एखादा असता तर आपल्या अंदाजानं लिहून मोकळा झाला असता. तू थांबलास. माझ्यासाठी थांबलास. आणि मी रोवणी होऊ दे, पोळा होऊ दे करत बसले.

त्याच पानावर कंपनीतल्या कोणी तू गेल्याचं लिहिलं होतं, आणि त्याखाली बिमलचं हिंदीत लिहिलेलं होतं. "रेवनाथ भाई नहीं रहे, अभी सुना. बहुत दुख हुआ. उनका काम मैं कॉपी करके आगे चलाऊँगा. पर एक जगह लिखा है, बाई से पूछना है. बाई कौन हैं? कोई बताएगा?"

पोग्राम बदलायची किल्ली तुझ्याकडेच राहिली, तुझ्यासंगं गेली. पण नक्कल करायला कुलूपच नाही, म्हणून काम थांबत नाही. हेच तू मला इतकी वर्षं समजावत होतास ना? माझ्या डोक्यात शिरायला तुला जावं लागलं. हे मला परवडणारं शिकणं नव्हतं रे. तुझं काम पुढं जाईल, आणि मला ते नको आहे, मला तू पाहिजेस, पारीवर दुपट्टा बांधून बसलेला. दोन्ही खरं आहे. आपलं भांडण अर्ध्यावर राहिलं, आणि मी हरले हे सांगायलाही तू नाहीस.

बिमलला मी लिहिलं, एका बोटानं, "मी बाई." पुढचं लिहायचं राहिलं आहे. ते आधी तुला सांगते. विचारणारा तू होतास, उत्तर पहिलं तुलाच मिळालं पाहिजे.

पाणी वरच्या बांधीवाला देतो. आपल्या बांधीच्या आधी देतो. त्यांच्यात भांडण असलं तरी देतो. आणि दिवसाचं काही नाही बापा. तेरवी म्हणायला आहे. घरचं माणूस ज्या दिवशी आपलं आपण फावडं उचलून बांधीवर येईल, त्या दिवशी ते संपतं. कोणाला तेरा दिवस लागतात, कोणाला पुरा हंगाम. तुझ्या पोग्रामला थांबता येत असेल तर त्याला म्हणावं, थांब. आणि खबर? घरच्यानं द्यायची नाही. त्यांना काही म्हणजे काही विचारायचं नाही. ज्याच्या कानावर आधी पडेल, त्यानं गुपचूप टिंब द्यायचं.

एक गोष्ट तू विचारली नाहीस, कारण तुला माहीतच नव्हती. पहिल्या वहीतलं पहिलं टिंब कोणाच्या नावापुढं आहे, ते तू पाहिलं असशील. माझ्याच. नवरा गेला, पाळीची वही हातात आली, आणि पहिल्याच पानावर आमच्या घराची पाळी. काहीतरी लिहायचं होतं. 'मयत' हा शब्द मला लिहिता येत नव्हता. म्हणजे अक्षरं येत होती. हात जात नव्हता. पेन टेकवून मी तशीच बसून राहिले आणि शाईचं टिंब पडलं. दुसऱ्या दिवशी माझ्या बांधीत पाणी होतं. माझ्या वरची बांधी तुझ्या बापाची, रेवनाथ. त्यानं कधी सांगितलं नाही, मी कधी विचारलं नाही. तू तेव्हा शाळेतही जात नव्हतास.

म्हणून तू विचारलंस तेव्हा मी म्हटलं, पेनाचं असल. तुझ्या बापाच्या पाण्याची गोष्ट तुलाच सांगायची राहिली.

आज कोरी वही काढली. बिमलचं होईल तेव्हा होईल. समासाची रेघ मारली, तुझ्या घराचं नाव लिहिलं. अक्षर अजून माझ्या नवऱ्यासारखंच येतं. नावापुढं पेन टेकवलं आणि हात उचलवेना. टिंब पसरलं, चांगलं वाटाण्याएवढं झालं, मागच्या पानावरही उतरलं.

ते पुसायचं नाही. उद्या कोणी वही उघडून विचारलं, बाई, हे टिंब कायचं, तर मी सांगीन. तुझ्यापासून सुरू करीन आणि सगळं सांगीन.